ऐकणाऱ्याचा इतिहास

अमेरिकेच्या उत्तर टोकाला, कॅनडाच्या सीमेला लागून नॉर्थ डकोटा नावाचं राज्य आहे. गहू, सोयाबीन आणि साखरेचं बीट पिकवणारं, हिवाळ्यात हाडं गोठवणारं, विरळ वस्तीचं. त्याच्या आग्नेय कोपऱ्यात विंडमिअर नावाचं गाव आहे. वस्ती सुमारे पाचशे. सगळ्यात जवळचं मोठं शहर फार्गो, तेही गाडीने तासाभराच्या अंतरावर. १९८३च्या सुमारास या गावाजवळच्या एका शेतकऱ्याच्या घरी लष्करातून रजेवर आलेल्या थोरल्या भावाबरोबर एक कॅसेट आली. लॉस एंजेलिसच्या ‘मॉट्ली क्रू’ या बँडची ‘शाउट ॲट द डेव्हिल’. सात भावंडांतलं शेंडेफळ तेव्हा पाचवीत होतं. त्या मुलाने ती कॅसेट ऐकली आणि पुढची सगळी शाळकरी वर्षं त्याच जातीच्या संगीतात बुडून काढली. २००१ साली त्याने त्या वर्षांवर पुस्तक लिहिलं: ‘फार्गो रॉक सिटी’. लेखकाचं नाव चक क्लोस्टरमन.

त्यानंतर क्लोस्टरमनची डझनाच्या आसपास पुस्तकं आली. त्यांतल्या कादंबऱ्या आणि कथा बाजूला ठेवल्या, तर बाकीची सगळी वैचारिक, अनुभवपर गद्याची. त्यांत रॉक संगीत आहे, दूरचित्रवाणीच्या मालिका आहेत, बास्केटबॉल आहे, सकाळच्या न्याहारीच्या जाहिराती आहेत. मी ही पुस्तकं प्रकाशनाच्या क्रमाने वाचली. तशीच ती वाचावीत असं मी सुचवेन, कारण एक लेखक एकाच प्रश्नाभोवती वीस वर्षं फिरत राहतो आणि दर पुस्तकागणिक त्या प्रश्नाच्या अधिक खोलात जातो, हे तसं वाचल्यावरच दिसतं. प्रश्न असा: गाणं कुणी केलं, हे आपण लिहून ठेवतो, ते कुणी ऐकलं आणि ऐकून त्या माणसाचं काय झालं, हे कोण लिहिणार?

समीक्षकांची पहिली पिढी

रॉक संगीतावर गंभीरपणे लिहिण्याची परंपरा फार जुनी नाही. १९६६ साली पॉल विल्यम्स या महाविद्यालयीन विद्यार्थ्याने ‘क्रॉडॅडी’ हे नियतकालिक सुरू केलं. पुढच्याच वर्षी सॅन फ्रान्सिस्कोत यान वेनर आणि राल्फ ग्लीसन यांनी ‘रोलिंग स्टोन’ काढलं. १९६९मध्ये डेट्रॉइटमधून ‘क्रीम’ निघालं. याच काळात ग्रील मार्कस, रॉबर्ट क्रिस्टगाऊ आणि लेस्टर बँग्स ही नावं पुढे आली. मार्कसच्या ‘मिस्टरी ट्रेन’ने १९७५ साली एल्विस प्रेस्लीला आणि इतर काही कलावंतांना थेट अमेरिकेच्या साहित्याशी आणि इतिहासाशी जोडलं. क्रिस्टगाऊ ‘व्हिलेज व्हॉइस’मध्ये प्रत्येक ध्वनिमुद्रिकेला शाळेतल्यासारखी श्रेणी देई. बँग्सचं गद्य तापलेलं, बेभान. तो १९८२ साली अवघ्या तेहतिसाव्या वर्षी गेला.

ही सगळी माणसं विलक्षण होती आणि त्यांच्यामुळेच रॉक हा विचार करण्याजोगा विषय ठरला. पण त्यांनी अभिरुचीची एक उतरंडही घडवली. डिलन, बीटल्स, वेल्वेट अंडरग्राउंड आणि पुढे पंक हे वरच्या पायरीवर. ऐंशीच्या दशकातल्या लांब केसांच्या, चेहरा रंगवलेल्या, चकचकीत कपड्यांतल्या हेवी मेटल बँडना मात्र खालच्या पायरीवरही नीट जागा मिळाली नाही. पॉयझन, रॅट, सिंड्रेला, मॉट्ली क्रू यांच्या ध्वनिमुद्रिका लाखांनी खपत होत्या. १९८१मध्ये सुरू झालेल्या एमटीव्हीवर त्यांची गाणी दिवसरात्र दिसत होती. समीक्षकांच्या लेखी मात्र हा सगळा पोरकट गोंगाट होता. १९९१च्या सप्टेंबरात ‘निर्वाणा’ या बँडची ‘नेव्हरमाइंड’ आली, पुढच्या जानेवारीत तिने मायकल जॅक्सनच्या ‘डेंजरस’ला बिलबोर्डच्या पहिल्या क्रमांकावरून खाली खेचलं आणि लांब केसांच्या बँडचा जमाना पाहता पाहता ओसरला. त्यांच्यासाठी हळहळणारे समीक्षक फारसे नव्हते.

खेड्यातल्या मुलाची साक्ष

‘फार्गो रॉक सिटी’ इथे उभं राहतं. पुस्तकाची रचना साधी आहे. प्रत्येक प्रकरणाच्या माथ्यावर एक तारीख आणि त्या दिवशी रॉकच्या जगात घडलेली एक घटना. त्या घटनेपासून लेखक आपल्या गावात येतो. शाळेची बस, बास्केटबॉलचं मैदान, कडाक्याच्या थंडीत गाडीत बसून ऐकलेल्या कॅसेट, दूरच्या कॅलिफोर्नियाबद्दलच्या कल्पना. हे लिहिताना क्लोस्टरमन ओहायोतल्या अ‍ॅक्रन शहरातल्या दैनिकात काम करत होता. त्याच्या लेखनात बातमीदाराची शिस्त आहे: कोणत्या वर्षी काय निघालं, किती खपलं, कोण कुठून आलं, हे तो नेमकं सांगतो. पण आवाज मात्र त्या मुलाचाच राहतो.

पुस्तकाचा युक्तिवाद धाडसी आहे. हे संगीत थोर होतं, असं सिद्ध करण्याच्या भरीला तो पडत नाही. त्याचं म्हणणं असं की लाखो मुलांच्या आयुष्यात जे संगीत खरोखर वाजत होतं, ज्याने त्यांना मैत्री, मत्सर, इच्छा आणि बंड यांची पहिली भाषा दिली, ते संगीत महत्त्वाचं होतंच. मग समीक्षक काहीही म्हणोत. अभिरुचीच्या उतरंडीत त्या मुलांची जागा कुठे, हा प्रश्न विचारणारेही शहरांतले आणि उत्तर देणारेही शहरांतले. पाचशे वस्तीच्या गावातल्या मुलाला कुणी विचारलंच नव्हतं.

पुस्तकात एक यादी आहे. ही ध्वनिमुद्रिका आयुष्यात पुन्हा कधीही ऐकायची नाही, असं कबूल करायचं असेल तर किती पैसे घेशील, या प्रश्नाचं उत्तर लेखक एकेका ध्वनिमुद्रिकेसमोर डॉलरमध्ये लिहितो. सगळ्यात मोठी रक्कम गन्स अँड रोझेसच्या १९८७च्या ‘अपेटाइट फॉर डिस्ट्रक्शन’ला. वरवर पोरखेळ वाटणारी ही पद्धत मला समीक्षेच्या इतिहासातली एक प्रामाणिक मोजपट्टी वाटते. श्रेणी देणारा समीक्षक गाण्याची उंची मोजतो. ही रक्कम त्या गाण्यात आपण किती अडकलो आहोत, ते मोजते. दोन्ही मापं खरी आहेत, पण दुसरं माप वापरायला धैर्य लागतं, कारण त्यात माणूस स्वतः उघडा पडतो.

याच पुस्तकात तो या संगीतातल्या स्त्रियांच्या चित्रणाबद्दल लिहितो आणि आपल्या दारू पिण्याबद्दलही लिहितो. या पानांवर स्मरणरंजन थांबतं. आवडीचं समर्थन करताना तिच्यातलं कुरूप ते झाकायचं नाही, ही त्याची वृत्ती इथे पहिल्यांदा दिसते.

न्याहारीच्या जाहिरातीपासून बिली जोएलपर्यंत

२००३च्या ‘सेक्स, ड्रग्ज अँड कोको पफ्स’ने क्लोस्टरमनला खरी प्रसिद्धी दिली. कोको पफ्स ही तिकडची चॉकलेटच्या चवीची न्याहारी. लहान मुलांसाठीच्या अशा न्याहारीच्या जाहिरातींवर त्याने एक पूर्ण निबंध लिहिला आहे. त्यांतला ससा किंवा पक्षी एका वाडग्यासाठी जीव टाकत असतो आणि बहुतेक वेळा त्याला ते मिळत नाही. क्लोस्टरमनचं निरीक्षण असं, की प्रतिष्ठेची वस्तू म्हणजे सगळ्यांना न मिळणारी वस्तू, हा धडा अमेरिकेतली मुलं दूध-न्याहारीच्या टेबलावरच शिकतात.

‘द रिअल वर्ल्ड’ या एमटीव्हीच्या कार्यक्रमावरचा निबंध आज वाचावा. १९९२ साली सुरू झालेल्या या कार्यक्रमात अनोळखी तरुण एका घरात राहत आणि कॅमेरे त्यांना टिपत. तो पाहता पाहता बाहेरची खरीखुरी माणसंही ठरावीक साच्यांतल्या पात्रांसारखी वागू-बोलू लागली, असं क्लोस्टरमन मांडतो. समाजमाध्यमांचा जमाना यायच्या आधी लिहिलेला हा निबंध आहे.

बिली जोएल या गायकावरचा लेख मला त्या संग्रहातला सगळ्यात जिव्हाळ्याचा वाटतो. जोएल अफाट लोकप्रिय, पण ‘भारी’ कधीच मानला गेला नाही. त्याच्या नावाभोवती वलय नाही, बंडखोरी नाही. क्लोस्टरमनच्या मते त्याचं मोठेपण त्या वलयावर अवलंबूनच नाही, आणि वलय नसल्यामुळेच त्या गाण्यांतला सामान्य माणसाचा एकाकीपणा थेट पोहोचतो. आणखी एका लेखात तो ‘पॅरडाइज सिटी’ या बँडबरोबर प्रवास करतो. हा बँड गन्स अँड रोझेसची हुबेहूब नक्कल करणारा. त्यांचीच गाणी, त्यांच्यासारखेच कपडे, त्यांच्यासारखेच हावभाव. या मंडळींची थट्टा करणं सोपं होतं. क्लोस्टरमन त्यांची मेहनत, त्यांचे वाद, गाणं जसंच्या तसं उतरलं पाहिजे हा त्यांचा हट्ट गांभीर्याने टिपतो. नकलेतही निष्ठा असते, हे तो ओळखतो.

मृत्यूच्या जागा

‘स्पिन’ मासिकासाठी क्लोस्टरमनने भाड्याची मोटार घेऊन अमेरिका पालथी घातली. रॉकच्या जगातली माणसं जिथे मेली, त्या जागा पाहायच्या, एवढाच कार्यक्रम. अंतर ६,५५७ मैल, म्हणजे साडेदहा हजार किलोमीटर. त्यातून २००५ साली ‘किलिंग युवरसेल्फ टू लिव्ह’ हे पुस्तक झालं. न्यूयॉर्कचं चेल्सी हॉटेल, जिथे १९७८मध्ये एका पंक वादकाची प्रेयसी नॅन्सी स्पंजन मृतावस्थेत सापडली. मिसिसिपीतलं जंगल, जिथे १९७७च्या ऑक्टोबरात ‘लिनर्ड स्किनर्ड’ या बँडचं विमान कोसळलं. आयोवातल्या क्लिअर लेकजवळचं शेत, जिथे ३ फेब्रुवारी १९५९ रोजी बडी हॉली, रिची व्हॅलेन्स, बिग बॉपर हे गायक आणि त्यांचा वैमानिक मरण पावले. शेवटी सिअ‍ॅटल, ‘निर्वाणा’चा गायक कर्ट कोबेन याचं शहर.

या पुस्तकाचा गाभा मला ऱ्होड आयलंडमधल्या वेस्ट वॉरिक या गावच्या पानांत सापडला. तिथे ‘द स्टेशन’ नावाचा छोटा क्लब होता. २० फेब्रुवारी २००३च्या रात्री ‘ग्रेट व्हाइट’ या बँडच्या कार्यक्रमाच्या सुरुवातीलाच रंगमंचावर शोभेची दारू उडवली गेली. भिंतींवर आवाज अडवण्यासाठी लावलेल्या फोमने पेट घेतला. काही मिनिटांत सगळी इमारत ज्वाळांनी वेढली. दारापाशी चेंगराचेंगरी झाली. शंभर माणसं मेली. बँडचा गिटारवादक टाय लाँगली त्यांतलाच एक.

ग्रेट व्हाइट हा ऐंशीच्या दशकातला, २००३पर्यंत पूर्णपणे जुना झालेला बँड. तो ऐकायला गुरुवारी रात्री त्या क्लबात गेलेली माणसं कोण होती? क्लोस्टरमन तिथे उभ्या केलेल्या क्रूसांपाशी जातो, गावातल्या लोकांशी बोलतो आणि या प्रश्नाशी थांबतो. त्याचं उत्तर असं की ती माणसं कुणावर छाप पाडायला गेली नव्हती. कष्टाची नोकरी करणारी, तरुणपणी आवडलेली गाणी पुन्हा एकदा समोर वाजताना ऐकावीत म्हणून गेलेली साधी माणसं ती. म्हणून त्यांचं मरण त्याला अधिक दुःखाचं वाटतं. एखादा नामवंत गायक गेला की त्याच्या दाराशी फुलांचे ढीग पडतात, चरित्रं लिहिली जातात, चित्रपट निघतात. श्रोते मेले की ती आगीची बातमी होते. या पुस्तकाच्या बाकीच्या भागात लेखकाच्या प्रेमप्रकरणांचं बरंच दळण आहे. आपल्या आयुष्यातल्या स्त्रियांची तुलना तो ‘किस’ या बँडच्या सदस्यांशी करतो. ते वाचताना त्या स्त्रियांचा स्वतःचा आवाज ऐकू येत नाही, हे या पुस्तकाचं मोठं उणं आहे. पण वेस्ट वॉरिकची पानं रॉकवरच्या कुठल्याही चांगल्या लेखनाच्या शेजारी ठेवावीत अशी आहेत.

तीनशे वर्षांनी काय उरेल?

२०१६चं ‘बट व्हॉट इफ वी आर राँग?’ हे त्याचं सगळ्यात महत्त्वाकांक्षी पुस्तक. मुखपृष्ठावरची अक्षरं उलटी छापलेली. पुस्तकाची कल्पना अशी, की आजच्या काळाकडे तीनशे वर्षांनंतरच्या माणसाच्या नजरेने पाहायचं. आज आपल्याला ठाम वाटणाऱ्या कोणत्या गोष्टी तेव्हा चुकीच्या ठरलेल्या असतील? भौतिकशास्त्रावर तो ब्रायन ग्रीन आणि नील डग्रास टायसन यांच्याशी बोलतो, साहित्यावर जॉर्ज साँडर्सशी. हर्मन मेल्व्हिलचं उदाहरण त्याच्या हाताशी आहे. ‘मोबी डिक’ १८५१ साली आली तेव्हा तिची उपेक्षा झाली. मेल्व्हिल १८९१मध्ये गेला आणि ती कादंबरी थोर ठरली पहिल्या महायुद्धानंतर.

रॉकवरचं प्रकरण या पुस्तकाचा कळस आहे. क्लोस्टरमन जॉन फिलिप सूसा या संगीतकाराचा दाखला देतो. लष्करी बँडच्या संचलनगीतांचा एकेकाळी अमेरिकेत सुळसुळाट होता, कितीतरी जण ती रचत होते. आज सामान्य अमेरिकी माणसाला त्यांतलं एकच नाव ठाऊक आहे: सूसा. एक अख्खा संगीतप्रकार काळाच्या ओघात एका माणसाएवढा होऊन राहतो. आपल्याकडे संगीत नाटकाचं तेच होताना दिसतं. भाऊराव कोल्हटकर, केशवराव भोसले, मास्टर दीनानाथ ही नावं जाणकारांच्या ओठी आहेत, पण वाटेवरच्या माणसाला विचाराल तर तो बालगंधर्वांपाशी सुरू होईल आणि बहुधा तिथेच थांबेल.

मग रॉकचा सूसा कोण? समूहाचं संगीत म्हणून ते आठवलं जाणार असेल तर बीटल्स. रंगमंचावरच्या देखण्या मोहिनीसाठी आठवलं जाणार असेल तर एल्विस. शब्दांसाठी आठवलं जाणार असेल तर डिलन. क्लोस्टरमन या तिघांनाही तोलून बाजूला ठेवतो आणि सेंट लुइसच्या चक बेरीपाशी थांबतो. रॉकमधलं सगळं अनावश्यक काढून टाकलं तर जे उरेल ते म्हणजे चक बेरी, असं त्याचं प्रतिपादन. गिटारची ती धाव, मोटारी, शाळा, तारुण्य आणि सगळ्याच्या मुळाशी कृष्णवर्णीयांचं संगीत. पुस्तक आलं तेव्हा बेरी हयात होता. पुढच्या वर्षी, १८ मार्च २०१७ रोजी, वयाच्या नव्वदाव्या वर्षी तो गेला.

चक बेरीच्या बाबतीत एक निवड मात्र आधीच होऊन गेली आहे. १९७७ साली नासाने व्हॉएजर यानांवर सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी पाठवली. कार्ल सेगन यांच्या नेतृत्वाखालच्या समितीने तिच्यात साऱ्या पृथ्वीवरचं सुमारे दीड तासाचं संगीत भरलं. त्यात रॉक अँड रोलचं एकच गाणं आहे, बेरीचं १९५८चं ‘जॉनी बी. गुड’. आणि त्याच तबकडीवर हिंदुस्थानी संगीतातर्फे गोव्यातल्या केरी गावच्या, अल्लादिया खाँसाहेबांच्या शिष्या केसरबाई केरकर यांची भैरवी आहे. व्हॉएजर-१ अवकाशात झेपावलं ५ सप्टेंबर १९७७ रोजी. केसरबाई मुंबईत निवर्तल्या त्याच महिन्याच्या १६ तारखेला. मोजकीच ध्वनिमुद्रणं मागे ठेवणाऱ्या या गायिकेचा स्वर सूर्यमालेच्या पलीकडे निघाला, तो सेंट लुइसच्या गिटारवाल्याच्या सोबतीने. ही निवड मूठभर जाणकारांनी काही महिन्यांत केली. काळ निवड करतो असं आपण म्हणतो, पण प्रत्यक्षात ती कुणीतरी माणसंच करतात. कुणी शिफारस केली, कुणी लिहून ठेवलं, कुणी जपून ठेवलं, यावर सगळं ठरतं. क्लोस्टरमनच्या पुस्तकातून मी घेतलेला हा सगळ्यात मोठा धडा.

विसरण्याची मुभा असलेलं दशक

२०२२च्या ‘द नाइन्टीज’मध्ये तो आपल्याच तरुणपणाच्या दशकाचा इतिहास लिहितो. त्याच्या लेखी हे दशक ‘नेव्हरमाइंड’पासून खऱ्या अर्थाने सुरू होतं आणि ११ सप्टेंबर २००१ला संपतं. घरातल्या भिंतीवरच्या फोनवर त्याने लिहिलेली पानं फार सुंदर आहेत. फोन वाजला की पलीकडे कोण आहे हे ठाऊक नसे, महत्त्वाच्या फोनची वाट पाहायची तर घरातच बसावं लागे. पैशासाठी कला विकणं हे तेव्हाच्या कलावंताला सगळ्यात मोठं पाप वाटे, आणि पुढच्या पिढीला त्या अपराधभावनेचा अर्थही लागेनासा झाला. एखादी गोष्ट माहीत नसणं, विसरून जाणं, चुकीची आठवणं हे त्या काळात सहज चालून जाई. आता सगळ्याचा पुरावा खिशात असतो. तारुण्याचा काळ गोड करून सांगण्याचा मोह या पुस्तकाने कटाक्षाने टाळला आहे.

क्लोस्टरमनच्या मर्यादा स्पष्ट आहेत. त्याची अमेरिका बरीचशी गोऱ्या, मध्यमवर्गीय, मध्यपश्चिमेकडच्या पुरुषाची आहे. हिप-हॉपवर तो लिहितो, पण मेटलवर लिहिताना जी आतली ऊब असते ती तिथे नसते. काही युक्तिवाद तो केवळ युक्तिवादाच्या आनंदासाठी ताणतो. इंग्रजी नाटक-चित्रपट आणि तिकडच्या खेळांचे संदर्भ नसलेल्या वाचकाला काही निबंध पुरते लागतही नाहीत. तरी माझं मत असं, की मार्कस आणि बँग्स यांनी रॉकला विचारविषयाचा दर्जा दिला, तर क्लोस्टरमनने रॉकच्या श्रोत्याला तो दिला. हे दुसरं काम पहिल्याइतकंच मोठं आहे.

आपलं काय?

मराठीत संगीतावर लिहिण्याची परंपरा श्रीमंत आहे. वामनराव देशपांड्यांचं ‘घरंदाज गायकी’ १९६१चं, आजही त्याच्या तोडीचं पुस्तक सहज सापडत नाही. बी. आर. देवधरांनी थोर गायकांची शब्दचित्रं लिहिली. शिरीष कणेकरांच्या ‘गाये चला जा’ने हिंदी चित्रपटगीतांच्या वेडाला हक्काची जागा दिली आणि श्रोत्याचा आनंद हाच लेखनाचा विषय केला. पण ऐंशी-नव्वदच्या दशकात गावोगावच्या टपऱ्यांवर, वडापच्या जीपगाड्यांमध्ये, लग्नाच्या मांडवात वाजलेल्या कॅसेटचं काय? प्रल्हाद शिंदेंचा आवाज देवळाच्या भोंग्यावरून ऐकत मोठी झालेली पिढी आहे. आनंद शिंदेंच्या पोपटाच्या गाण्याने सगळा महाराष्ट्र नाचवला. भीमगीतांच्या कॅसेटनी वस्त्यावस्त्यांना इतिहास आणि स्वाभिमान शिकवला. लातूर-सोलापूरच्या वसतिगृहांत कुणी मेटॅलिका ऐकत होतं, कुणी अल्ताफ राजा. या संगीताच्या श्रोत्यांची साक्ष पुस्तकरूपात फार थोडी आहे. जी आहे ती विखुरलेली आहे.

ती लिहायची तर आत्ताच लिहायला हवी. ज्यांनी त्या कॅसेट ऐकल्या ती माणसं आता पन्नाशीत-साठीत आहेत, आणि कॅसेटच्या फिती खराब होत चालल्या आहेत. तुमच्या गावात काय वाजत होतं, कुणाच्या घरी टेपरेकॉर्डर होता, कोणतं गाणं लावल्यावर वडील ओरडत, कोणतं गाणं चोरून ऐकलं, कोणत्या गाण्यावर कोणत्या वस्तीचा हक्क मानला जाई आणि कुणाला ते वाजवू दिलं जात नसे, हे सगळं तारखांसकट, नावांसकट, लाज न बाळगता लिहा. हे गाणं थोर होतं का, हा प्रश्न तूर्त बाजूला ठेवा. त्याचा निकाल पुढे कुणीतरी लावेल, आणि तो लावायला त्यांना तुमची साक्ष लागेल.